व्हिलन असं का वागेल? पटकथेबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात थ्रिलर लिहिणाऱ्यांना प्रश्न पाठवा म्हटलं होतं, आणि आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचं दुखणं एकच निघालं, हीरो जमतो पण व्हिलन फसतो. म्हणजे दिसायला बोलायला भारी असतो, एंट्रीही जोरात असते, पण ऐन मोक्याला तो जो निर्णय घेतो तो वाचणाऱ्याच्या गळी उतरत नाही. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पत्रं मोठी होती, इथे थोडक्यात घेतलीयेत.

प्रश्न: माझ्या पटकथेत तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेचा चेअरमन आहे. त्याने ठेवींचे पैसे भावाच्या प्लॉटिंगच्या धंद्यात घातलेत. इंटरव्हलनंतर तो ऑडिटला आलेल्या माणसाचा खून करायला सांगतो. ज्यांनी वाचलं ते सगळे म्हणतात, हा माणूस असं करणार नाही. आधीपासून क्रूर दाखवला तर खोटा वाटतो, साधा दाखवला तर खून पटत नाही. काय करू? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: वाचणारे बरोबर बोलतायत, पण चेअरमनच्या स्वभावाला हात लावायची गरज नाही. तुमच्या सारांशात तो पैसे वळवतो आणि मग एकदम खून, मधली चाळीसेक पानं तो गायबच आहे. त्या काळात त्याने काय काय करून बघितलं हे तुम्ही ठरवलेलंच नाही, मग प्रेक्षकाला कुठून कळणार. माणूस आधी सगळे स्वस्त उपाय करून बघतो, ते एकेक करून संपतात, आणि मग जे उरतं ते करतो. ते संपताना आम्हाला दिसले पाहिजेत.

विषय मात्र तुम्ही फार चांगला निवडलाय, कारण इथे चेअरमनची भीती आयती आणि खरी आहे. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं, त्यामुळे गावात नुसती कुजबुज झाली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी रांग लागते, आणि रांग लागली की धडधाकट संस्थाही गडगडते, तुमच्या चेअरमनची तर तिजोरी आधीच पोकळ. सहकार कायद्याच्या कलम 83 ची चौकशी, 88 खाली जबाबदारी निश्चित करणं, हे सगळं तो ओळखून आहे, ते वर्षानुवर्षं चालतं, वकील लावता येतो, तारखा घेता येतात. रांग लागली तर त्याला एक दिवससुद्धा मिळणार नाही. म्हणजे तुमचा चेअरमन पोलिसांना घाबरत नाही, त्या रांगेला घाबरतो, आणि एकदा हे ठरलं की त्याचा प्रत्येक निर्णय तिथूनच निघेल.

आता त्याच्या खुर्चीत बसून वर्षं मोजा. पहिल्यांदा पैसे वळवले तेव्हा त्याच्या डोक्यात चोरी नव्हती, प्लॉट विकले की दिवाळीपर्यंत भरून टाकू एवढंच होतं. प्लॉट एनए, म्हणजे बिगरशेती, झाले नाहीत. मग मार्च एंडला थकीत कर्जांचं नवं-जुनं केलं, जुनं कर्ज कागदावर फिटलं आणि त्याच माणसाच्या नावावर तेवढंच नवं उभं राहिलं. पुढच्या वर्षी तेवढ्याने भागेना म्हणून पिग्मी एजंटच्या, म्हणजे रोजची बचत गोळा करणाऱ्याच्या, बायकोच्या नावावर कर्ज काढलं, सही तिचीच, तिला वाटलं रेशनचं काहीतरी आहे. यातली कुठलीही पायरी घेताना तो स्वतःला गुन्हेगार समजत नाही, तो संस्था वाचवतोय असंच समजतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक पायरीला मागे फिरणं हे पुढे जाण्यापेक्षा महाग पडत जातं.

हे मी मनाने सांगत नाहीये, हैदराबादच्या सत्यम या आयटी कंपनीचं प्रकरण आठवा. तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी 7 जानेवारी 2009 ला संचालक मंडळाला जे पत्र लिहिलं ते थ्रिलर लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. त्यात त्यांनी कबूल केलं की खरा नफा आणि वहीतला नफा यात सुरुवातीला किरकोळ फरक होता, तो वाढत गेला. शेवटच्या तिमाहीत वहीत 24 टक्के मार्जिन दाखवलं होतं, खरं होतं 3 टक्के, आणि बँकेत असल्याचे दाखवलेले 5040 कोटी रुपये मुळात नव्हतेच. मग थांबले का नाहीत? त्याचंही उत्तर पत्रात आहे, प्रवर्तकांकडे शेअर थोडे होते, आकडे खाली आले असते तर कुणीतरी कंपनी ताब्यात घेतली असती आणि घेतली की वह्या उघडल्या असत्या. वाघावर स्वार झाल्यासारखं होतं, उतरायचं कसं ते कळत नव्हतं, असं त्यांनी स्वतः लिहिलंय.

त्याच्या तीन आठवडे आधीची गोष्ट तर पटकथेसाठी सोनं आहे. 16 डिसेंबर 2008 ला सत्यमने जाहीर केलं की मेटास नावाच्या दोन कंपन्या घेणार, किंमत 160 कोटी डॉलर, आणि त्या कंपन्या राजूंच्याच घरातल्या. गुंतवणूकदार खवळले, काही तासांत सौदा मागे घ्यावा लागला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं किती ही हाव, भरबाजारात कंपनीचे पैसे घरच्यांना देतायत. आतून बघितलं तर हिशोब उलटा होता, वहीतल्या खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणून बसवायचा तो शेवटचा प्रयत्न होता, पत्रात तसं स्पष्ट म्हटलंय. बाहेरून मूर्खपणा आणि आतून एकमेव वाट, असा निर्णय तुमच्या चेअरमनला मिळवून द्या.

ऑडिटरशी त्याचा पहिला सीन मी असा लिहिला असता. दुपारची वेळ, ऑफिसात पंखा, टेबलावर चहा.

ऑडिटर: मुदत ठेवीच्या पावत्यांच्या स्थळप्रती बघायच्यात, नोंदवही नको, मूळ पुस्तकं.

चेअरमन: मिळतील की. मॅनेजरच्या घरात लगीन हाय, सोमवारी आला की काढून देतो.

ऑडिटर: सोमवारी चालेल.

चेअरमन: तुमची मुलगी पुण्याला असती न्हवं शिकायला?

ऑडिटर: हो. का?

चेअरमन: काय न्हाई. आमचा फ्लॅट रिकामा पडलाय कोथरूडला. होस्टेलचं जेवण पोरींना सोसत न्हाई.

ऑडिटर: सोमवारी दहाला येतो मी.

बस, एवढंच. यात धमकी आहे का लाच आहे ते चेअरमनलाही नक्की माहीत नाही, तो चाचपतोय. हा उपाय संपला. मग तो जिल्ह्याच्या ठिकाणी ओळख काढून हा माणूस बदलून मिळेल का बघतो, तो संपला. मग कागदच गायब करावेत म्हणून पिग्मी एजंटला सांगतो की साहेब मोटारसायकलवर परत जातात, बॅग तेवढी आण, माणसाला हात लावायचा नाही. एजंट हेल्मेट घालून जातो, झटापटीत हेल्मेट निघतं, आणि ऑडिटर त्याला ओळखतो, कारण रोज संध्याकाळी काउंटरवर बघितलेला चेहरा. एजंटचा फोन येतो तेव्हा ऑडिटर रस्त्याकडेला जखमी पडलेला आहे, जिवंत आहे, आणि एजंट विचारतो आता काय करू. आता चेअरमनने काय करायचं? दवाखान्यात नेलं तर उद्या नाव बाहेर आणि परवा रांग. फोनवर तो गप्प राहतो आणि मग म्हणतो, तू घरी ये. खून करा हे शब्द त्याला द्यायचीच गरज नाही, आणि थिएटरमध्ये कुणी म्हणणार नाही की हा माणूस असं करणार नाही.

प्रश्न: व्हिलनच्या बालपणाचा फ्लॅशबॅक टाकावा का? प्रोड्यूसर म्हणतात त्याशिवाय सहानुभूती मिळत नाही. (नाशिक)

उत्तर: टाकू नका. बापाने मारलं, सावत्र आईने उपाशी ठेवलं, यातून तो रागीट का आहे ते कळेल, पण तुमच्या पटकथेतल्या त्या मंगळवारी त्याने तो ट्रक पेटवायचा का ठरवलं ते कळणार नाही. तसं बालपण असलेली हजारो माणसं सरळ आयुष्य जगतात. तुम्हाला हवं ते कारण आजचं आहे, कुणाचं देणं आहे, कोण त्याच्याकडे बघतंय, उद्या सकाळपर्यंत काय नाही झालं तर काय जाईल. प्रोड्यूसरना सहानुभूतीच हवी असेल तर त्याला एखादी गोष्ट खरंच चांगली करता येते असं दाखवा, कामात हुशार माणूस बघायला लोकांना आवडतो, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

प्रश्न: सगळ्या थ्रिलरमध्ये मला एकच प्रश्न पडतो आणि आता माझ्याच स्क्रिप्टमध्ये पडलाय. व्हिलनकडे माणसं आहेत, हत्यारं आहेत, हीरो एकटा आहे. मग पहिल्या वीस मिनिटांत गोळी घालून विषय का संपवत नाही? (नागपूर)

उत्तर: कारण गोळीने विषय संपत नाही, सुरू होतो, आणि हे तुमच्या व्हिलनला हीरोपेक्षा जास्त चांगलं माहीत असलं पाहिजे. आज खून झाला की मोबाईलचं लोकेशन निघतं, चौकातला सीसीटीव्ही निघतो, टोलनाक्यावरची नोंद निघते, आणि मेलेला माणूस पत्रकार किंवा सरकारी नोकर असेल तर वरून फोन येतात. ज्याचा धंदा रोज शांतपणे चालणं यावर अवलंबून आहे त्याच्यासाठी प्रेत म्हणजे प्रचंड खर्च. त्याला हीरो मेलेला नकोय, हीरो निरुपयोगी झालेला हवाय. बदनाम झालेला, निलंबित झालेला, कर्जात बुडालेला, किंवा सगळ्यात उत्तम म्हणजे विकत घेतलेला.

तेलगी प्रकरणाकडे या नजरेने बघा. अब्दुल करीम तेलगी मूळ खानापूरचा. 1994 मध्ये त्याने मुद्रांक विक्रीचा रीतसर परवाना मिळवला, मग नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमधून भंगारात निघालेली यंत्रं मिळवली आणि खोटे स्टँप छापायला लागला. विकले कुणाला? बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल, असे मोठमोठे ग्राहक. पटकथाकाराला हा निर्णय फार शिकवून जातो, मला तर हा छपाईपेक्षा जास्त हुशारीचा वाटतो. कोर्टाबाहेर एकेक स्टँप घेणारा माणूस कागद उलटापालटा करून बघेल, गठ्ठ्याने घेणाऱ्या कंपनीचा क्लार्क बघणार नाही, त्याला सवलत मिळाली आणि माल वेळेवर आला की झालं. आणि वाटेत अडवणारे आले तेव्हा त्याने बंदूक काढली नाही, पाकीट काढलं. नोव्हेंबर 2001 मध्ये अजमेरला पकडला गेला, आणि त्यानंतर पोलिस कोठडीत असताना तो कफ परेडच्या स्वतःच्या फ्लॅटवर सापडला, पुढे याच प्रकरणात पोलिस अधिकाऱ्यांनाही अटक झाली. एवढी वर्षं टिकलेला गुन्हेगार असा विचार करतो.

तेव्हा तुमच्या व्हिलनने हीरोला का मारलं नाही याचं उत्तर संवादात देऊ नका, "तुला इतक्या सहज मरू देणार नाही" वगैरे तर अजिबात नको. पहिल्या वीस मिनिटांत एखादा असा सीन द्या की त्याचाच एखादा तापट माणूस "उडवून टाकू" म्हणतो आणि हा त्याला गप्प बसवून हीरोच्या ऑफिसात, सोसायटीत, बँकेत फोन लावतो. त्यानंतर कुणाला तो प्रश्न पडणार नाही. आणि मग शेवटाकडे तोच माणूस जेव्हा स्वतः बंदूक मागतो तेव्हा काहीही न बोलता कळेल की त्याचं सगळं संपलंय.

प्रश्न: माझी सिरीज एका साखर कारखान्याच्या घराण्यावर आहे. धाकटा भाऊ, म्हणजे हीरोचा काका, सहाव्या भागात कारखाना बाहेरच्या कंपनीच्या घशात घालायला निघतो. आयुष्यभर घराण्याच्या नावाने छाती फुगवणारा माणूस असं करतो हे कुणालाच पटत नाहीये. (एक वाचक, बारामतीजवळून)

उत्तर: तुमच्या या काकाचे पूर्वज इतिहासात आहेत, राघोबादादा. अटकेपार स्वारीचा मान मिळालेला माणूस, आणि 1775 मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून साष्टी आणि वसई द्यायला कबूल झाला. ज्या वसईसाठी त्याच्याच काकांनी, चिमाजीअप्पांनी, 1739 मध्ये मोहीम लढली ती वसई. तुमच्या सहाव्या भागात आहे तीच उडी. पण मधल्या पायऱ्या एकेक करून बघा, उडी कुठेच दिसत नाही.

थोरले माधवराव पेशवे झाले तेव्हा राघोबाला वाटलं खरा हक्क आपला. 1768 ला धोडपला पुतण्याकडून हरला, शनिवारवाड्यात नजरकैद. 18 नोव्हेंबर 1772 ला माधवराव थेऊरला गेले, पेशवाई मिळाली पोरवयाच्या नारायणरावाला, आणि राघोबा पुन्हा कैदेत. वाड्यातच राहायचं, रोज तोच दरबार कानावर पडायचा, आणि बाहेर जाता यायचं नाही. मग 30 ऑगस्ट 1773. गारद्यांना धरायला सांगितलं होतं का मारायला, "ध चा मा" कुणी केला, याच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलोय, त्याचा निवाडा पटकथाकाराने करायची गरज नाही. मला त्यात गारद्यांची बाजू जास्त महत्त्वाची वाटते, पगार थकलेला, तलवारी घेऊन भरदिवसा पेशव्याच्या वाड्यात घुसलेले, आता हा पोरगा जिवंत राहिला तर उद्या हत्तीच्या पायी कोण जाणार हे त्यांना कुणी सांगायला नको. काकाने नुसतं धरायचं ठरवलं असेल तरी ज्यांच्या हातून ठरवलं त्यांना ते परवडणारं नव्हतं.

त्यानंतर राघोबाकडे काय उरलं बघा. पेशवाई मिळाली, पण रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलं. कारभारी एकेक करून फुटले, बारभाई उभे राहिले, नारायणरावांच्या गरोदर पत्नीला, गंगाबाईंना, पुरंदरावर नेऊन ठेवलं, आणि 18 एप्रिल 1774 ला मुलगा झाला. त्या दिवशी राघोबाचा उरलासुरला हक्कही संपला. पुण्यात जागा नाही, मराठा सरदारांत भरवशाचा आसरा नाही, हातात फौज थोडी, मागे बारभाईंची फौज लागलेली. सुरतेचा तह त्यानंतरचा आहे. त्या क्षणी इंग्रज हा त्याला पर्याय वाटत नव्हता, तेवढंच दार उघडं होतं.

आता तुमच्या काकाकडे या. पहिल्या पाच भागांत त्याची दारं कोण बंद करतं? माझ्या मते त्यातली दोन तरी हीरोने स्वतः बंद केली पाहिजेत, आणि चांगल्या हेतूने. चेअरमनपदाच्या निवडणुकीत त्याचं पॅनल पाडणं, ऊसतोड वाहतुकीचं टेंडर त्याच्या माणसाकडून काढून घेणं, सर्वसाधारण सभेत सगळ्या सभासदांसमोर त्याचा हिशोब मागणं, यातलं प्रत्येक बरोबरच आहे आणि प्रत्येक वेळी काकाची एक वाट बुजतेय. एक दार मात्र असं ठेवा की जे काका स्वतःच्या अहंकाराने बंद करतो, पुतण्या घरी येतो, वहिनी जेवायला वाढते, समेट हाताशी असतो, आणि काका ताटावरून उठतो. तो उठला नसता तर कारखाना वाचला असता हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे. परिस्थितीनेच सगळं करून घेतलं तर तो बिचारा होतो, आणि बिचाऱ्या माणसाची भीती वाटत नाही.

प्रश्न: माझा सिरीयल किलर पूर्ण सिनेमाभर पोलिसांच्या दहा पावलं पुढे आहे. शेवटी तो पकडला जायला हवा म्हणून मी त्याच्याकडून एक चूक करवून घेतली, आणि सगळे म्हणतात ही चूक लेखकाने केलीये, त्याने नाही. (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: तुमच्याच देशातली एक खरी केस सांगतो. कॅन्ससमधल्या विचिटा शहरात डेनिस रेडर नावाच्या माणसाने 1974 ते 1991 या काळात दहा जणांचे खून केले. तो पोलिसांना आणि वर्तमानपत्रांना पत्रं लिहायचा, स्वतःला बीटीके (बाइंड, टॉर्चर, किल) म्हणवून घ्यायचा. मग वर्षानुवर्षं शांतता. 2004 च्या सुरुवातीला तिथल्या पेपरात पहिल्या खुनांना तीस वर्षं झाल्यानिमित्त लेख आला, आणि थोड्याच दिवसांत त्याची पत्रं परत सुरू झाली. पुढे त्याने पोलिसांनाच विचारलं की मी फ्लॉपी डिस्क पाठवली तर माझा माग काढता येईल का, प्रामाणिकपणे सांगा. त्याने सुचवल्याप्रमाणे पोलिसांनी पेपरात छोटी जाहिरात देऊन कळवलं की चालेल. त्याने पाठवली. डिस्कवर पुसून टाकलेल्या एका फाइलीच्या माहितीत चर्चचं नाव आणि "डेनिस" एवढं सापडलं, तो त्या चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष होता. 25 फेब्रुवारी 2005 ला अटक.

हे कुणी काल्पनिक म्हणून लिहून आणलं असतं तर मीच म्हटलं असतं, शक्य नाही. मग खऱ्या आयुष्यात का घडलं? पहिलं, तो गप्प राहिला असता तर बहुधा सापडलाच नसता, पण लोकांनी आपल्याला विसरावं हे त्याला सोसवेना, तो लेख वाचून त्याला वाटलं आपली गोष्ट दुसरंच कुणीतरी सांगतंय. दुसरं, इतकी वर्षं पत्रव्यवहार करून त्याच्या डोक्यात पोलिसांशी एक नातं तयार झालं होतं, दोन तोलामोलाचे खेळाडू आहेत आणि खेळाचे नियम आहेत असं काहीतरी, म्हणून त्याने प्रामाणिकपणे सांगा म्हटलं आणि उत्तरावर विश्वास ठेवला. पकडल्यावर तपास अधिकाऱ्याला त्याने विचारलं की तुम्ही माझ्याशी खोटं का बोललात. त्याला खरंच धक्का बसला होता! ज्या गोष्टीने तो तीस वर्षं शहराच्या मनावर राज्य करत होता, ती पत्रं, त्याच गोष्टीने तो सापडला.

तुमच्या किलरची चूकही त्याच्या हुशारीच्या पोटातून यायला हवी. तुम्ही लिहिलंय की तो घाईत हातमोजा विसरतो. पूर्ण सिनेमाभर न विसरणारा माणूस शेवटच्या दहा मिनिटांत विसरला तर लेखकाचा हात दिसतो. तो अतिशय टापटीप आहे असं तुम्हीच दाखवलंय ना, मग त्याला टापटिपीनेच अडकवा. समजा त्याने प्रत्येक खुनानंतर खोली आवरलीये आणि पोलिसांना आजवर त्यातून काही मिळालं नाही. पाचव्या घरात तो सवयीने भिंतीवरचं वाकडं घड्याळ सरळ करतो, आणि त्या घरातल्या म्हातारीला माहितीये की ते घड्याळ गेली कित्येक वर्षं वाकडं लावलं तरच चालतं. ही चूक दहाव्या मिनिटापासून पेरता येते, आणि ती करताना त्याला ती चूक वाटणारच नाही.

प्रश्न: व्हिलनची माणसं त्याचं एवढं का ऐकतात? माझ्या स्क्रिप्टमध्ये चार पंटर आहेत, चौघंही सांगेल ते करतात. (सोलापूर)

उत्तर: चौघांना चार वेगळी कारणं द्या, एकाला पैसे, एकाच्या भावाला बॉसने जामीन मिळवून दिलाय, एकाला दुसरीकडे कुठेही मान नाही, एक नुसता घाबरतो. मग त्यांना एकाच हुकुमावर चार वेगवेगळ्या ठिकाणी थांबावंसं वाटेल, आणि बॉसला ते माहीत असेल, म्हणून कुणाला काय काम सांगायचं हे तो मोजूनमापून ठरवेल. व्हिलन हुशार आहे हे दाखवायला याहून स्वस्त जागा नाही. शिवाय माफीचा साक्षीदार हा धोका त्याच्या डोक्यात कायम ठेवा. पुण्याच्या 1976-77 च्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यातसुद्धा टोळीतलाच एक जण माफीचा साक्षीदार झाला होता. घाबरणारा पंटर तुमच्या बॉसला हीरोपेक्षा जास्त धोकादायक वाटला पाहिजे, आणि त्याबद्दल त्याने लवकर काहीतरी करायला हवं.

प्रश्न: माझा व्हिलन शेवटच्या भागापर्यंत कळतच नाही, तो हीरोच्या जवळचाच मित्र निघतो. लपवून ठेवायचं असेल तर त्याचे निर्णय पटवायचे कसे? (रत्नागिरी)

उत्तर: दोनदा पटवावे लागतात, म्हणून हे सगळ्यात अवघड काम आहे. पहिल्यांदा बघताना त्याची प्रत्येक कृती मित्राची वाटली पाहिजे, आणि शेवट कळल्यावर परत बघताना तीच कृती गुन्हेगाराची. इथे फसवणूक नको, तो एकटा असताना चेहऱ्यावर चिंता दाखवायची आणि नंतर म्हणायचं की तोच खुनी, हे प्रेक्षक माफ करत नाही. त्याला चिंता असू दे, फक्त ती कशाची आहे हे आपण चुकीचं समजू दे.

यासाठी पटकथेशिवाय दुसरा एक कागद करावा लागतो, तो मी प्रत्येकाला करायला लावतो. त्या मित्राची तारीखवार डायरी. पटकथेच्या क्रमाने लिहू नका, घडलं त्या क्रमाने लिहा, आणि प्रत्येक तारखेसमोर त्याला त्या दिवशी काय माहीत होतं तेवढंच. तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या भागात तो हीरोच्या लॉजवर पोलिसांच्या आधी पोचतो. हीरो लॉजवर आहे हे त्याला कुणी सांगितलं? मी दोनदा शोधलं, कुठेच नाही. तुम्हाला माहीत होतं म्हणून त्याला माहीत झालं. डायरी लिहिली असती तर पेन तिथेच अडकलं असतं.

दुसरं, पाचव्या भागात हीरोला वाचवायला तो पाण्यात उडी मारतो. हा सीन तुम्ही नुसता चकवा म्हणून ठेवलाय असं वाटतं, पण डायरीत या दिवसासमोर काय लिहाल? पेन ड्राइव्ह कुठे आहे ते फक्त हीरोला माहितीये म्हणून वाचवलं, हे एक कारण झालं आणि ते चालेल. पण लहानपणी दोघं एकाच खाडीत पोहायला शिकले असं तुम्हीच पहिल्या भागात लिहिलंय, म्हणजे उडी मारताना पेन ड्राइव्ह त्याच्या डोक्यात आलाच नसेल असंही होऊ शकतं, आणि मग बाहेर आल्यावर, दोघं चिखलात पडून धापा टाकत असताना, त्याला आठवतं. तो दुसरा पर्याय लिहून बघा. मला वाटतं तुमचा सहावा भाग त्याने बदलेल, कारण आता त्याला जे करायचंय ते आदल्या दिवसापेक्षा जास्त जड झालंय आणि तरी करायचंय. नवा खर्डा झाला की पाठवा, डायरीसकट.